सोसायटीचा विमा आणि भाड्याचा फ्लॅट

‘सोसायटीचा विमा आहे, आग लागली तर भरपाई मिळेल,’ हा घरमालकांचा समज चुकीचा आहे. तो विमा साधारणपणे इमारतीच्या बांधकामाचा असतो. तुम्ही भाडेकरूला दिलेला फ्रिज, पलंग, कपाटं त्यात येत नाहीत. बुडालेलं भाडंही नाही.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. तिच्यात घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, मालकाचं घरसामान आपोआप धरलं जातं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेलं भाडंही. भाडेकरूचं सामान मात्र त्यात नाही. त्याने फक्त सामानाचा वेगळा विमा घ्यावा. करार करतानाच हे त्याला स्पष्ट सांगा, कृपा करून.