शाळेत घालण्यापूर्वी मुलाचे डोळे तपासून घ्या : पालकांसाठी माहितीपत्रक

मुलाला कमी दिसत असते तर त्याने सांगितले नसते का, असे आमच्या चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदा येणारे पालक नेहमी विचारतात. जन्मापासून ज्याला धूसर दिसते, त्या मुलाला सगळ्यांना तसेच दिसते असे वाटते, म्हणून ते सांगत नाही. एका डोळ्याने चांगले आणि दुसऱ्याने कमी दिसत असेल, तर त्याचे धावणे, चेंडू पकडणे, खाली पडलेली टिकली आईला उचलून देणे हे सगळे चांगल्या डोळ्याच्या भरवशावर सुरळीत चाललेले असते आणि घरात कोणाला शंकाही येत नाही. त्यामुळे तक्रारीची वाट न पाहता, मूल अगदी व्यवस्थित वाटत असतानाच, त्याचा प्रत्येक डोळा वेगवेगळा तपासून घ्यावा, एवढ्यासाठी हे माहितीपत्रक आम्ही आपल्या हाती देत आहोत.

आळशी डोळा

बाळाची नजर जन्मतः पूर्ण तयार नसते. डोळ्यांकडून येणारे चित्र ओळखायला मेंदू पहिल्या काही वर्षांत शिकतो आणि हे शिकणे मुख्यतः सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत चालते. या काळात मोठ्या नंबरामुळे, तिरळेपणामुळे, जन्मजात मोतीबिंदूमुळे किंवा खाली उतरलेल्या पापणीमुळे एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र पोहोचले नाही, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र बाजूला टाकू लागतो. पुढे योग्य नंबरचा चष्मा दिला तरी त्या डोळ्याने पूर्ण दिसत नाही. यालाच अँब्लिओपिया किंवा आळशी डोळा म्हणतात. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो, म्हणून तो अनेकदा मूल मोठे होईपर्यंत लक्षातच येत नाही.

तपासणीच्या खुर्चीवर हे कसे दिसते, ते सांगण्यासारखे आहे. उजवा डोळा झाकला की मूल आनंदाने चित्रे सांगते : घर, सफरचंद, चेंडू. डावा झाकला की तेच मूल झाकणारा हात बाजूला सारते, मान वळवून फटीतून पाहू लागते किंवा आईकडे जाण्यासाठी खुर्चीवरून उतरते. ‘कंटाळला असेल’ असे पालक म्हणतात, आणि लहान मूल कंटाळतेही. पण दर वेळी तोच डोळा झाकल्यावर कंटाळत असेल, तर उघडा राहिलेला डोळा कमजोर आहे असे समजून पुढची तपासणी करावीच लागते. हे आपण घरीही पाहू शकता. मूल टीव्ही पाहत असताना मागून येऊन आधी एक आणि मग दुसरा डोळा तळहाताने, डोळ्यावर दाब न देता झाका, आणि दोन्ही वेळचे त्याचे वागणे ताडून पाहा. फरक दिसला नाही म्हणून मात्र तपासणी टाळू नये, कारण दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर असेल तर या पद्धतीने काहीच कळत नाही.

उपचारात आधी योग्य चष्मा, आणि तेवढ्याने नजर सुधारली नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी, असा क्रम असतो. मध्यम कमजोरीला रोज दोन तास आणि जास्त असेल तर सहा तास पट्टी सहसा दिली जाते. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात, त्याची नजर तात्पुरती धूसर करणारे ॲट्रोपीनचे थेंब देतात. कोणाला काय द्यायचे हे नेत्रतज्ज्ञच ठरवतात. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता थेट त्वचेवर लावावी, नाहीतर मूल कडेने पाहते आणि कमजोर डोळा रिकामाच राहतो. पट्टीच्या वेळात डोळ्याला बारीक काम द्यावे : मणी ओवणे, चित्रे रंगवणे, आजीच्या शेजारी बसून डाळीतले खडे निवडणे. पहिल्या आठवड्यात मूल रडते, पट्टी ओढून काढते, आणि घरातले मोठे ‘राहू दे, लेकराला त्रास नको’ म्हणतात. त्या आठवड्यात आई-वडिलांनी ठाम राहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो. मूल त्याहून मोठे असले तरी काही प्रमाणात सुधारणा होऊ शकते, म्हणून उशीर झाला असे ठरवून घरी बसू नये.

तपासणी केव्हा करावी

नऊ महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट सर्वांत घाईची आहे. गरोदरपणाचे 34 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा जन्माच्या वेळी 2 किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाचा पडदा, म्हणजे रेटिना, जन्मापासून 30 दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. 28 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा तर दोन ते तीन आठवड्यांतच. अशा बाळांच्या पडद्यावर अनैसर्गिक रक्तवाहिन्या वाढून कायमचे अंधत्व येऊ शकते, आणि वेळेवर कळले तर लेसरसारख्या उपचाराने ते टाळता येते. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत. ती रीत बाळाच्या काळजीपोटीच आलेली आहे, पण या बाळांच्या बाबतीत सव्वा महिना थांबले तर तपासणीची मुदत निघून जाते.

बुबुळाच्या मध्यभागी पांढरट चमक दिसली, किंवा मोबाईलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एकाच डोळ्यात पांढरा ठिपका दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ते मोतीबिंदूचे लक्षण असू शकते, आणि क्वचित डोळ्याच्या आतल्या कर्करोगाचेही. बाळाचा डोळा पहिल्या तीन-चार महिन्यांत अधूनमधून तिरका गेला तर घाबरण्याचे कारण नाही; त्यानंतरही जात असेल, किंवा सततच तिरका असेल, तर ‘मोठेपणी सरळ होईल’ म्हणून थांबू नये. नाकाचे हाड बसके असल्याने काही बाळे केवळ तिरळी भासतात, पण हा फरक तपासूनच करता येतो.

कसलेच लक्षण नसलेल्या मुलाची तपासणी तिसऱ्या वर्षी एकदा, पहिलीत घालण्यापूर्वी पुन्हा, आणि त्यानंतर दर वर्षी करावी. आई-वडिलांना किंवा भावंडाला लहानपणापासून चष्मा असेल तर पहिली तपासणी याहूनही आधी करावी. मुलाला अक्षरे येत नाहीत म्हणून थांबण्याची गरज नाही. आमच्याकडे चित्रांचा तक्ता आहे, आणि अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारे मूल असो वा न बोलणारे, हातातल्या कार्डावरचे तसेच चित्र दाखवून ते उत्तर देऊ शकते.

थेंब टाकून तपासणी का लागते

लहान मुलांच्या डोळ्यातील भिंगाची ताकद इतकी असते की पाहताना मूल नकळत डोळ्यावर जोर देते आणि संगणकावरचा नंबर चुकीचा येतो. दूरच्या चष्म्याची गरज नसलेल्या मुलालाही मायनस नंबर दाखवला जातो. थेंब किंवा मलम टाकून हा जोर थांबवला की खरा नंबर मिळतो. अगदी लहान मुलांना ॲट्रोपीनचे मलम घरी साधारण तीन दिवस लावायला सांगतात. त्यानंतर जवळचे धूसर दिसणे आणि उन्हाचा त्रास दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. इतर थेंबांचा परिणाम एक ते तीन दिवसांत उतरतो. मलम लावल्यावर मुलाचे अंग तापले किंवा चेहरा लाल झाला तर ते थांबवून डॉक्टरांना कळवावे, लावणाऱ्याने हात धुवावेत आणि ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नये.

अभ्यास बुडू नये म्हणून ही तपासणी उन्हाळ्याच्या सुटीत करणे सोयीचे असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी मुलांना घेऊन माहेरी येतात, तेव्हा मामाच्या गावीच तपासणी उरकून जून महिन्यात शाळा सुरू होण्याआधी चष्मा तयार ठेवता येतो.

चष्मा निवडताना

मुलांसाठी काचेची भिंगे आम्ही बसवत नाही. आघात सोसणारी पॉलीकार्बोनेटची बसवतो. फ्रेम पुढे वाढत्या अंगाला होईल म्हणून मोठी घेऊ नये. ती नाकावरून घसरते, मूल भिंगाच्या वरून पाहते आणि चष्मा असून नसल्यासारखा होतो. बुबुळ भिंगाच्या मध्याजवळ आले पाहिजे. चष्मा सतत घातल्याने नंबर वाढतो हा समज खोटा आहे. मुलीला चष्मा लागला तर पुढे स्थळे येणार नाहीत, या भीतीने तो घालू न देणारी घरे आम्ही पाहतो. मुलीची नजर त्या भीतीपेक्षा फार मोठी आहे, आणि पहिल्या आठ वर्षांत गमावलेली नजर नंतर पूर्णपणे भरून निघत नाही.

रोजची काळजी

आपल्या भागातील ऊन आणि धूळ यांमुळे अनेक मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, डोळ्यांना ॲलर्जीची खाज येते. डोळे सतत चोळल्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो. त्याहून धोक्याचे म्हणजे गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणणे : लगेच आराम पडतो, पण महिनोन्‌महिने वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो आणि तो दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि थेंब प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. काजळ, मध किंवा कसलाही घरगुती रस डोळ्यात घालू नये.

तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागता कामा नये. खेळता खेळता ती दाबली की फुटून चुना सरळ डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजते. असे झाल्यास गाडी शोधत बसू नये. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने निदान पंधरा मिनिटे डोळा उघडा धरून धुवावा, पापणीखालचे कण निघतील असे पाहावे, आणि मगच रुग्णालय गाठावे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीने किंवा विटी लागून झालेल्या जखमेत मात्र डोळा चोळू नये, दाबू नये, घरचे औषध घालू नये.

अंधार पडल्यावर मूल चाचपडत असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. त्याचा डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर आणि नंतर दीड वर्षापासून पाच वर्षे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, असा एकूण नऊ वेळा मोफत दिला जातो. जेवणात शेवग्याचा पाला, मेथी, पपई, अंडी असावीत. दूरचे कमी दिसण्याचा नंबर लागू नये यासाठी मुलाने रोज साधारण दोन तास घराबाहेर उजेडात घालवावेत. आपल्या उन्हाळ्यात ते सकाळी आणि संध्याकाळी, किंवा झाडाच्या सावलीत चालतील. पुस्तक निदान एक फूट दूर धरावे.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 सालापासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. पथकाने पुढे दाखवा असे सांगितले तर ती चिठ्ठी कपाटात ठेवू नये. पुढील तपासणी व उपचार शासकीय रुग्णालयात होतात.

आमच्याकडे येताना

आम्ही नजर तपासतो आणि चष्मे बनवतो. औषध देणे हे आमचे काम नाही. आठ वर्षांखालील मुलाचा पहिला चष्मा आम्ही नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय करून देत नाही, आणि तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांत फरक आढळला तर आधी त्यांच्याकडे पाठवतो. त्यामुळे आपली एक फेरी वाढते, याची आम्हाला जाणीव आहे. येताना जुना चष्मा, आधीच्या चिठ्ठ्या, बाळ वेळेआधी जन्मले असेल तर त्या वेळचे कागद, आणि डोळा तिरका दिसलेला एखादा फोटो असल्यास तो आणावा. मूल झोपेतून उठलेले व खाल्लेले असावे. शक्यतो सकाळी यावे. फ्रेम सैल झाली, वाकली किंवा कान दुखू लागले, तर दुरुस्तीसाठी केव्हाही या, चष्मा दुसरीकडून घेतलेला असला तरी चालेल.