कार्यक्रम नसतानाचा पडदा

1968 सालच्या लंडनमधला कामकाजाचा एखादा दिवस घ्या. सकाळी दहाला टीव्ही लावला तर बीबीसीवर बहुतेक वेळ कार्यक्रम नसायचाच. ‘टेस्ट कार्ड’ नावाचं एक स्थिर चित्र आणि त्यामागे हलकंफुलकं वाद्यसंगीत, एवढंच. प्रसारणाचे तास सरकारने ठरवून दिलेले होते. पोस्टमास्टर जनरलच्या (टपालासोबत प्रसारणही पाहणाऱ्या मंत्र्याच्या) मर्यादेनुसार आठवड्याला साधारण पन्नासेक तास मिळत. शाळांसाठीचे आणि धार्मिक कार्यक्रम त्या हिशेबात धरत नसत. ही बंधनं 1972 मध्ये उठली. 1957 पर्यंत तर संध्याकाळी सहा ते सात पडदा मुद्दाम बंद ठेवत, म्हणजे आईबापांना लहान मुलांना झोपवता यावं!

पण कार्यक्रम नसले तरी ट्रान्समीटर चालूच असायचा. हे प्रसारण टीव्ही विकणाऱ्यांसाठी, बसवणाऱ्यांसाठी आणि दुरुस्त करणाऱ्यांसाठी होतं. छपरावर चढलेल्या माणसाला अँटेना फिरवताना खाली संचावर काहीतरी दिसायला हवं, आणि ते दिवसाउजेडी दिसायला हवं. तेव्हा देशात दोन पद्धती एकाच वेळी चालू होत्या. पडद्यावरचं चित्र आडव्या रेषांनी बनतं. बीबीसी-1 जुन्या 405 रेषांवर, व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या) पट्ट्यात. बीबीसी-2 एप्रिल 1964 पासून 625 रेषांवर, यूएचएफ (जास्त वारंवारतेच्या) पट्ट्यात. (मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं ते थेट 625 रेषांवर, त्यामुळे हा दुहेरी व्याप आपल्याकडे आलाच नाही.)

दोन पद्धती म्हणजे छपरावर दोन अँटेना. लंडनच्या बीबीसी-1चं चित्र 45 मेगाहर्ट्झवर येई. अर्धी तरंगलांबी धरली तर दांडी सव्वातीन मीटरच्या आसपास, आणि ती उभी. बीबीसी-2साठी 567 मेगाहर्ट्झ, म्हणून वीतभराहून थोड्या लांब दांड्या, पण आडव्या आणि एकामागे एक बऱ्याच. जुन्या अँटेनावर नवी वाहिनी बघायला गेलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. शिवाय यूएचएफ लहरी टेकडीआड वळत नाहीत. बीबीसी-1 उत्तम दिसणाऱ्या घरात बीबीसी-2 अजिबात न दिसणं ही नेहमीची तक्रार होती.

दोन्ही पद्धती दाखवणाऱ्या संचात एक लांब सरकता स्विच असे. तो सरकला की रेषांची वारंवारता 10,125 वरून 15,625 हर्ट्झवर जाई, चित्राच्या सिग्नलची दिशा उलटी होई आणि आवाज एएमऐवजी एफएम पद्धतीने काढला जाई. एवढी सगळी जोडणी त्या एका पट्टीवर. तिचे संपर्क काळे पडले की एका पद्धतीवर चित्र ठीक आणि दुसरीवर चित्र आहे तर आवाज नाही, किंवा चित्र आडवं फाटलेलं. आधी स्विच साफ करायचा, मग व्हॉल्व्हकडे, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांकडे, वळायचं. हा क्रम न पाळणारा मेकॅनिक दुपारभर चुकीच्या जागी शोधत बसे.

बीबीसी-2वर अकरा वाजता लहान मुलांचा ‘प्ले स्कूल’ होई. तो संपला की संध्याकाळपर्यंत पुन्हा टेस्ट कार्ड, आणि मधेमधे रंगीत माहितीपट. शेल, बीपी अशा कंपन्यांनी काढलेले हे माहितीपट पुन्हा पुन्हा दाखवत, कारण दुकानात गिऱ्हाइकाला रंग दाखवायला दुसरं काही नव्हतं. बीबीसी-2वर रंग 1 जुलै 1967 रोजी विम्बल्डनच्या सामन्यांनी आला. दुसऱ्याच दिवशी ‘टेस्ट कार्ड एफ’ पडद्यावर आलं: फळ्यावर फुल्ली-गोळा खेळणारी मुलगी आणि शेजारी विदूषक बाहुला. कार्ड बनवणारे इंजिनिअर जॉर्ज हर्सी, आणि मुलगी त्यांचीच, कॅरल.

हे चित्र म्हणजे मोजमापाचं साधन होतं. फळ्यावरची फुल्ली बरोब्बर पडद्याच्या मध्यावर येते. ती सरकली असेल तर चित्र हलवायचं. मोठं वर्तुळ अंडाकृती दिसलं तर उंची किंवा रुंदी बिघडलेली. उजवीकडे उभ्या पट्ट्यांचे सहा गठ्ठे, 1.5 ते 5.25 मेगाहर्ट्झपर्यंत. बारीक पट्ट्यांचा नुसता करडा धब्बा झाला तर संचाची जुळणी चुकलेली. 4.5च्या गठ्ठ्यात रंगाची झाक दिसली तर मात्र घाबरायचं नाही. रंगाची माहिती वाहणारी उपवाहक लहर 4.43 मेगाहर्ट्झवर असल्याने संच त्या पट्ट्यांना रंग समजतो. आणि मुलगी कशाला? मानवी त्वचेचा रंग डोळा चटकन ओळखतो. चेहरा जरासा हिरवट झाला तरी कळतं. रंगाच्या सपाट चौकोनात ते कळत नाही.

सावली, म्हणजे चित्राशेजारी दिसणारी त्याचीच फिकट दुसरी प्रत, मोजायलाही कार्ड उपयोगी पडे. इमारतीवरून परावर्तित होऊन लहर 300 मीटर जास्त फिरून आली तर ती एक मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते. 625 पद्धतीत रेषेचा दिसणारा भाग 52 मायक्रोसेकंदांचा. म्हणजे 48 सेंटिमीटर रुंद पडद्यावर सावली सुमारे 9 मिलिमीटर उजवीकडे. पट्टीने सावली मोजा, आणि लहर किती जास्त फिरली ते कळतं. मग दोषी इमारत शोधून अँटेनाची पाठ तिच्याकडे करायची.

रंगीत संच बसवणं हे तासाभराचं काम. आधी संच वीसेक मिनिटं तापू द्यायचा. मग विचुंबकीकरण, म्हणजे संचात साठलेलं चुंबकत्व घालवणं: मोठं वर्तुळाकार वेटोळं पडद्यासमोर गोल फिरवत, हळूहळू दोन मीटर मागे सरायचं आणि तिथेच बटण बंद करायचं. जवळ असतानाच बंद केलं तर आतली पोलादी जाळी आधीपेक्षा जास्त चुंबकित होते आणि जांभळे-हिरवे डाग पडतात. त्यानंतर लाल, हिरवा, निळा या तीन किरणांपैकी फक्त लाल चालू ठेवून पडदा सलग लाल करायचा. मग तिन्ही रंग मध्यभागी एकावर एक आणायचे, आणि शेवटी कडांना. कडांचे स्क्रू डझनभर. एक फिरवला की दुसरा बिघडतो. कार्डावरची पांढऱ्या रेषांची जाळी इथे कामाला येई. गिऱ्हाइकाने नंतर संच खिडकीजवळून भिंतीजवळ हलवला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत त्याची दिशा बदलते. मग पुन्हा डाग, पुन्हा फोन.

कृष्णधवल संचातली बरीच दुखणी व्हॉल्व्हच्या तापक तारांची. त्या एका रांगेत जोडलेल्या, 300 मिलिअँपिअरवर. ‘पी’ ही 300 मिलिअँपिअरची खूण, म्हणून त्या व्हॉल्व्हची नावं ‘पी’ अक्षराने सुरू होत. एक तार तुटली की दिव्यांच्या माळेसारखे सगळे विझले. रांग थेट घरच्या विजेवर असल्याने संचाचा आतला धातूचा सांगाडाही विजेशी जोडलेला, आणि प्लगमधल्या तारा उलट्या लागल्या असतील तर हात लावताच झटका.

बीबीसी-1वर दुपारी दीडच्या सुमारास चिमुकल्यांचा कार्यक्रम, चारनंतर मुलांचे तास, सहाला दहा कमी असताना बातम्या, मग रात्रीचे कार्यक्रम. बीबीसी-1चा शेवट राष्ट्रगीताने. प्रेक्षक बटण दाबत, आणि पडद्याच्या मधोमध पांढरा ठिपका उरत असे. किरण फिरवणारी सर्किटं लगेच थांबतात, पण मागची तार अजून तापलेली असते आणि पिक्चर ट्यूबच्या काचेत साठलेला विद्युतभार तसाच असतो. म्हणून सगळा किरण एकाच बिंदूवर पडतो. रोज तसं झालं तर तिथला लेप जळू शकतो, म्हणून काही संचांत ठिपका मारणारं वेगळं सर्किट असे. त्या काचेत कृष्णधवल संचात पंधरा हजार, तर रंगीत संचात पंचवीस हजारांच्या आसपास व्होल्ट असत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक पाठ उघडे, तेव्हा आधी सांगाड्याला जोडलेली तार लाकडी मुठीच्या पेचकसावर गुंडाळून ट्यूबच्या रबरी टोपीखाली सरकवे, ‘टच्’ असा आवाज ऐके, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा तेच करे. काचेत भार थोडा मागे राहतोच.