उभ्या ट्रकचं डिझेल

पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांबाहेर ट्रकांची रांग लागते. गेटमधून आत जायला कधी तास लागतो, कधी तीन. तेवढा वेळ कित्येक गाड्यांची इंजिनं न्यूट्रलवर घरघरत असतात.

अवजड ट्रकचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला साधारण २ ते ३ लिटर डिझेल पितं. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर धरली, तर ३ तासांच्या रांगेत जळलेल्या डिझेलवर ती वीसेक किलोमीटरवरच्या तळेगावला पोहोचली असती. एका लिटरमध्ये जवळपास १० युनिट ऊर्जा असते. केबिनचा एसी तासाला मागतो जेमतेम १-२ युनिट. बाकी सगळी घर्षणात, पंपांत आणि सायलेन्सरच्या उष्णतेत जाते.

मला पैशापेक्षा धूर जास्त टोचतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुरावरच्या कडक नियमांच्या) ट्रकांत धुरावर युरियाचं द्रावण फवारतात. त्याचा अमोनिया होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत करतो. मात्र त्यासाठी धूर साधारण २०० अंश तरी गरम हवा. घाट चढताना तो तसा असतोच. उभ्या गाडीचा धूर थंड पडतो, फवारणी थांबते. म्हणजे गाडी चहाच्या टपरीशेजारी, हमालांच्या घोळक्यात उभी असते, नेमकी तेव्हाच ही महागडी यंत्रणा बंद!

ड्रायव्हरला दोष देऊन भागणार नाही. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ती हवा गळत असेल, तर इंजिन बंद केल्यावर ती उतरते. रांग पुढे सरकली की हवा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही आणि मागून हॉर्न सुरू होतात. बॅटरी जुनी असली की सेल्फ लागेल का, ही धास्ती. शिवाय एप्रिलमधलं तापलेलं केबिन. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण तो एसी मुख्य इंजिनावरच चालणार असेल, तर उभ्या गाडीचं डिझेल आणखी जळेल. गाडी धावताना चार्ज होणाऱ्या वेगळ्या बॅटरीवरचा एसी हवा. त्याआधी हवेची गळती काढणं आणि बॅटरी वेळेवर बदलणं हे तर कुठल्याही गॅरेजात होतं. आणि कारखान्यांनी गाड्यांना ठरावीक वेळ दिली, तर रांगच आखडेल.

एका वेळी मात्र इंजिन लगेच बंद करू नये. खंबाटकी घाट चढून आल्या आल्या टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा धुरावर फिरणारा पंखा, लालबुंद तापलेला असतो. त्याचं ऑइल एकदम थांबलं तर ते बेअरिंगवरच करपतं. तेव्हा २-३ मिनिटं चालू ठेवावं, मग किल्ली फिरवावी.