स्कॅनवरचे नवे पांढरे ठिपके

फुप्फुसाचा कर्करोग हाडात पसरलाय, टार्गेटेड थेरपीची, म्हणजे कर्करोगाच्या पेशीतल्या ठरावीक जनुकीय बदलावर नेम धरणारी, गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने झालेत. खोकला ओसरलाय, पाठीची कळ कमी आहे. आणि सीटी स्कॅनच्या अहवालात लिहून येतं, 'हाडात नवे दाट ठिपके', म्हणजे स्कॅनवर पांढरे दिसणारे. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण हे ठिपके बरेचदा भरून येणाऱ्या हाडाचे असतात. ही शक्यता रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आपलं हाड सतत मोडत आणि बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. हाड पोखरण्याचं काम कर्करोगाची पेशी सहसा स्वतः करत नाही. ती ऑस्टिओक्लास्टना चिथावते. हाड विरघळलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात, त्यांवर गाठ पोसते आणि चिथावणी आणखी वाढते. सीटीवर तिथे काळसर पोकळी दिसते. मणका खचतो तो अशाच जागी.

ईजीएफआर जनुकातल्या ज्या बदलांवर या गोळ्या चालतात ते २००४ मध्ये उलगडले, एएलके या दुसऱ्या जनुकातला बदल २००७ मध्ये. गोळीने गाठीला वाढीचा हुकूम मिळेनासा झाला की चिथावणीही थंडावते आणि ऑस्टिओब्लास्टना उसंत मिळते. नवं हाड आधी पोकळीच्या कडेला धरतं. काळ्या छिद्राभोवती बारीक पांढरी किनार उमटते, मग ती आत आत सरकत काही महिन्यांत छिद्र बुजवते. जी छिद्रं आधी दिसण्याइतकी मोठीच नव्हती, तीही भरताना पांढरी होतात आणि 'नवी' म्हणून मोजली जातात. बोन स्कॅनसाठी टोचलेलं टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्यही हाड जिथे जोमाने बांधलं जातं तिथेच जमतं, म्हणून बरी होणारी जागा जास्त उजळते. डॉक्टर याला 'फ्लेअर' म्हणतात.

अर्थात प्रत्येक नवा ठिपका फ्लेअर नसतो. दुखणं वाढतंय का, फुप्फुसातली गाठ आक्रसतेय का, पेशी किती साखर खेचतात हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर त्या जागी साखरेची ओढ कमी झालीय का, हे एकत्र पाहावं लागतं. बरेचदा काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात.

पांढरं झालेलं हाड लगेच मजबूत होतं असंही नाही. म्हणून ऑस्टिओक्लास्टना आवरणारी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं देतात. ती सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत, कारण क्वचित जबड्याचं हाड मरतं. आणि पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर पुढच्या स्कॅनची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठायचं.