एडिटरमधले डीफॉल्ट पाथ: चालू डिरेक्टरी नेमकी कोणाची?

एडिटरच्या, म्हणजे कोड किंवा मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या, सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट डिरेक्टरी’ (डिरेक्टरी म्हणजे फोल्डर) आणि तिच्यापुढे पाथ भरायची एक चौकट दिसली की वाटतं, प्रश्न एकच आहे. खरं तर तिथे चार वेगळे प्रश्न दाटीवाटीने बसलेले असतात. ‘ओपन’ केल्यावर कोणता फोल्डर समोर यावा? पाथ न देता नुसतं नाव दिलं तर फाइल कुठे जावी? बॅकअप आणि स्वॅप फाइली (काम चालू असताना एडिटर ठेवतो त्या तात्पुरत्या फाइली) कुठे पडाव्यात? आणि एडिटरने स्वतःची सेटिंग्ज कुठे शोधावीत? हे प्रश्न वेगवेगळ्या काळात उभे राहिले आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळ्या लोकांनी दिली.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवर आणि एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. डॉसमध्ये ते १९८३ साली २.० आवृत्तीबरोबर आले. युनिक्सवर डिरेक्टऱ्या आधीपासून होत्या आणि प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःची एक चालू डिरेक्टरी असे: पाथ न देता नुसतं नाव दिलं तर फाइल जिथे शोधली जाते ती. शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या प्रोग्राममध्ये) तुम्ही जिथे असाल तिथेच एडिटर सुरू होई. एका वेळी एक फाइल उघडून, काम करून बाहेर पडायचं, अशी पद्धत होती तोवर याने कोणाचं काही अडलं नाही.

अडायला लागलं ते एकाच एडिटरमध्ये दहा फोल्डरांतल्या दहा फाइली उघड्या राहू लागल्यावर. प्रोसेस एक, म्हणून चालू डिरेक्टरी एक. फाइली मात्र दहा ठिकाणच्या. ईमॅक्स या एडिटरने हा गुंता मुळातच सोडवला होता. जीएनयू ईमॅक्स १९८५ चा. त्यात ‘डीफॉल्ट-डिरेक्टरी’ हे व्हेरिएबल प्रत्येक बफरचं, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक मजकुराचं, स्वतंत्र असतं. फाइल उघडायला गेलात की समोरच्या बफरचा फोल्डर आधीच भरून येतो. कंपाइलची कमांडही तिथूनच चालते. मला आजही हेच उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटतं. मात्र त्याचीही किंमत आहे. खोलवरच्या उपफोल्डरातली फाइल समोर असताना बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करायचं काम) चालवला तर तो त्या उपफोल्डरातच चालतो. शिवाय ईमॅक्सच्या आत शेल उघडलं, तर वापरणारा ‘सीडी’ (फोल्डर बदलायची कमांड) वगैरे टाइप करतो का यावर नजर ठेवून ईमॅक्सला आपली नोंद जुळवून घ्यावी लागते.

व्हिम हा एडिटर १९९१ मध्ये आला तो व्हीआय या युनिक्सवरच्या जुन्या एडिटरच्या वळणावर, म्हणजे चालू डिरेक्टरी प्रोसेसची मानून. पण फाइलचा स्वतःचा फोल्डर त्यालाही हवाच होता, आणि तो आला विरामचिन्हांच्या वाटेने. ‘पाथ’ या ऑप्शनमध्ये टिंब म्हणजे समोरच्या फाइलचा फोल्डर. चालू डिरेक्टरी हवी असेल तर दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच लिहायचं नाही. बाकी युनिक्सभर टिंब म्हणजे चालू डिरेक्टरी असते, इथे मात्र नाही. स्वॅप फाइलींचं ‘डिरेक्टरी’ आणि बॅकअपचं ‘बॅकअपडिर’ या ऑप्शनांतही टिंबाचा अर्थ फाइलशेजारची जागा असाच. दुसऱ्याची सेटिंग फाइल उचलून वापरणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात: टिंब ठेवून एडिटर दुसऱ्या फोल्डरातून सुरू करतात आणि स्वॅप फाइली भलतीकडे का पडल्या म्हणून शोधत बसतात.

सगळ्या स्वॅप फाइली एकाच फोल्डरात टाकायच्या म्हटल्या, तर वेगवेगळ्या प्रकल्पांतल्या एकाच नावाच्या फाइली एकमेकींना भिडतात. त्यासाठी पाथच्या शेवटी दोन तिरप्या रेघा द्यायच्या. मग व्हिम पूर्ण पाथमधल्या रेघांच्या जागी टक्केचिन्ह घालून नाव तयार करतो. दिसायला कुरूप, पण नावं भिडत नाहीत.

खरा वाद पेटला तो ‘ऑटोसीएचडिर’ या ऑप्शनवर. तो चालू केला की तुम्ही ज्या फाइलवर जाल तिच्या फोल्डरात एडिटरची चालू डिरेक्टरी सरकते. नव्या माणसाला हे अगदी स्वाभाविक वाटतं: शेजारची फाइल नुसत्या नावाने उघडते, नवी फाइल तिथेच साठते. विरोधकांचं म्हणणं असं, की मेक (बिल्ड चालवणारी कमांड), शोध, टॅग फाइल (कोडमधलं कोणतं नाव कुठे आहे याची यादी) हे सगळं प्रकल्पाच्या मुळापासून चालतं, आणि पायाखालची जमीन प्रत्येक विंडोबरोबर सरकायला लागली तर त्यातलं काहीच भरवशाचं राहत नाही. व्हिमची स्वतःची मदतच सांगते, की हा ऑप्शन चालू असताना काही प्लगइन चालणार नाहीत. डीफॉल्ट म्हणून तो बंद ठेवला गेला, आणि ते योग्यच झालं. ज्यांना अधूनमधून जागा बदलायची असते त्यांना एका विंडोपुरती डिरेक्टरी बदलणारी ‘एलसीडी’ कमांड पुरते.

नोटपॅड प्लस प्लसने हाच वाद वापरणाऱ्यापुढे तीन पर्यायांत मांडला: समोरच्या फाइलमागे जा, शेवटचा फोल्डर लक्षात ठेव, किंवा मी सांगतो तोच घे. मांडणी स्पष्ट आहे, पण विंडोजवर यावर आणखी एक थर असतो, तो फाइल उघडायच्या खिडकीचा. ती खिडकी एडिटरची नसून सिस्टमची असते आणि तिला स्वतःची आठवण असते. विंडोज ७ पासून जुन्या पद्धतीच्या खिडकीचा नियम असा, की प्रोग्रामने पहिल्या वेळी दिलेलाच सुरुवातीचा पाथ पुन्हा दिला, तर तो बाजूला ठेवून वापरणाऱ्याने शेवटचा निवडलेला फोल्डर दाखवायचा. व्हिस्टाबरोबर आलेल्या नव्या खिडकीत दोन वेगळी फंक्शनं आहेत: एक, आधीची आठवण नसेल तरच लागू होणारं, दुसरं, काहीही असो हाच फोल्डर दाखवणारं. दुसरं सहसा वापरू नका, असं अधिकृत माहितीच सांगते. ‘डीफॉल्ट पाथ सेट केला तरी एडिटर ऐकत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. शिवाय फोल्डर निवडला की ही जुनी खिडकी प्रोग्रामची चालू डिरेक्टरीही बदलून टाकू शकते. मग तो फोल्डर पुसायला गेलं की ‘वापरात आहे’ असं उत्तर येतं, आणि त्यातली एकही फाइल उघडी नसते.

२०१५ मध्ये आलेल्या व्हीएस कोडने प्रश्नच वेगळ्या बाजूने धरला. फाइल उघडण्याऐवजी फोल्डर उघडा. तोच शोधाचा, टर्मिनलचा, बिल्डचा आधार. २०१७ मध्ये एका खिडकीत अनेक मूळ फोल्डर ठेवायची सोय आली आणि जुना गुंता परतला: ‘वर्कस्पेसरूट’ हे व्हेरिएबल आता कोणत्या मुळाबद्दल बोलतंय? ते मोडीत काढून ‘वर्कस्पेसफोल्डर’ आणावं लागलं, ज्याला फोल्डरचं नाव जोडता येतं.

प्रकल्पाच्या फोल्डरातच सेटिंग ठेवायची कल्पना मात्र नवी नव्हे. व्हीआयच्या काळात चालू डिरेक्टरीतली ‘.एक्सआरसी’ वाचली जाई, आणि परक्याच्या फोल्डरात एडिटर उघडताच त्याच्या कमांड तुमच्या नावाने चालण्याचा धोका तेव्हापासून माहीत होता. म्हणून व्हिममध्ये हे वाचन डीफॉल्टने बंद. तोच धोका प्रकल्पातल्या सेटिंग्जमधून पुन्हा आला, तेव्हा २०२१ मध्ये व्हीएस कोडने ‘या फोल्डरवर विश्वास आहे का’ असं विचारायला सुरुवात केली. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिमने २०२३ मध्ये अशा फाइली विश्वासाची खात्री करून मगच वाचायचं ठरवलं.

राहिला एडिटरच्या स्वतःच्या सेटिंग्जचा प्रश्न. युनिक्सवर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींनी होम डिरेक्टरी (वापरणाऱ्याचा स्वतःचा फोल्डर) भरून गेली. डॉसला नावाच्या सुरुवातीला टिंब चालत नसे, म्हणून व्हिमची फाइल तिथे अंडरस्कोअरने सुरू होते. विंडोजवर कित्येक प्रोग्राम सेटिंग्ज स्वतःच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या फोल्डरात लिहीत. व्हिस्टाने असं लिखाण गुपचूप वापरणाऱ्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डराकडे वळवलं, त्यामुळे एकच पाथ दोन प्रोग्रामना दोन वेगळ्या फाइली दाखवू लागला.

लिनक्सवर ‘.कॉन्फिग’, ‘.लोकल/शेअर’ आणि ‘.कॅश’ अशी विभागणी सुचवणारा एक्सडीजी मसुदा २००३ चा. निओव्हिमने तो जवळजवळ सुरुवातीपासून स्वीकारला, ईमॅक्सने २०२० मध्ये २७ व्या आवृत्तीत, आणि व्हिमने तर थेट २०२४ मध्ये. उशिरा आलेल्या या दोघांनीही जुन्या जागेला मान दिला आहे: होममध्ये जुनी ‘.व्हिमआरसी’ किंवा ‘.ईमॅक्स’ पडलेली असेल, तर ‘.कॉन्फिग’मधली नवी फाइल वाचलीच जात नाही.