सॉफ्टवेअर मुळासकट काढणे
संगणकात बसवलेले सॉफ्टवेअर त्याच्या फाइली, सेटिंग आणि आपोआप सुरू होणाऱ्या नोंदींसह काढून टाकणे. डेस्कटॉपवरचे चिन्ह उडवले म्हणजे सॉफ्टवेअर गेले असे नाही. ते चिन्ह नुसता शॉर्टकट असतो. ‘सॉफ्टवेअर निघत नाही’ अशी तक्रार घेऊन नाशिकच्या एमजी रोडवरच्या दुकानात गेल्यास ‘फॉरमॅट मारू का?’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू का, असे हमखास विचारले जाते. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

‘अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ ही सोय विंडोज ९५ मध्ये आली. आज ती सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’मध्ये आहे. ही यादी स्वतः काहीच काढत नाही. सॉफ्टवेअर बसताना आपल्या अनइन्स्टॉलरचा, म्हणजे स्वतःला काढून टाकणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) लिहून ठेवते आणि बटण दाबल्यावर विंडोज तोच चालवते. थोडक्यात, खोली झाडून देण्याचे काम जाणाऱ्या भाडेकरूकडेच! मग प्रोग्रॅमडेटा आणि अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरांत अडगळ उरते. काढलेले सॉफ्टवेअर परत उगवत असेल, तर टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी चालणारी कामे), सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन तपासावीत.

लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत जुनी मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअर काढताना वेगळीच पंचाईत होते. कीबोर्ड बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची नोंद स्टार्टअपमध्ये राहिली, तर रोज संगणक सुरू होताच ‘फाइल सापडत नाही’ अशी चौकट येते. ती नोंद खुशाल काढावी. फॉण्टना मात्र हात लावू नये. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या फॉण्टांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉण्ट गेला की जुन्या पत्रिकेतले ‘श्री गणेशाय नमः’ इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसते.

अँटिव्हायरस स्वतःचे संरक्षण करतो, म्हणून अनेक कंपन्या तो काढण्याचे वेगळे साधन देतात. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू केल्यावर, विंडोज इन्स्टॉलर ही सॉफ्टवेअर बसवणारी-काढणारी सेवा सहसा चालत नाही. त्या सेवेमार्फत (एमएसआय पद्धतीने) बसवलेले सॉफ्टवेअर तिथे निघाले नाही, तर नवल नाही. रजिस्ट्री ‘साफ’ करून देणारी फुकट साधने टाळावीत. हाताने नोंद पुसायचीच असल्यास आधी ती एक्स्पोर्ट करून, म्हणजे तिची प्रत वेगळ्या फाइलीत काढून ठेवावी.

फॉरमॅट सगळ्यात शेवटी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत चालणाऱ्या काही डिझाइन सॉफ्टवेअरचे लायसन्स त्या यंत्रालाच जोडलेले असते. ते आधी डीअ‍ॅक्टिव्हेट केले नाही, म्हणजे त्या यंत्रापासून सोडवले नाही, तर फॉरमॅटनंतर सॉफ्टवेअर नव्याने बसते, पण लायसन्स ‘दुसरीकडे वापरात’ दिसते आणि कंपनीला फोन लावत बसावे लागते.