कॅन्सस विद्यापीठ पुरुष बास्केटबॉल संघ

कॅन्सस विद्यापीठ पुरुष बास्केटबॉल संघ : अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील राज्य विद्यापीठाचा संघ. ‘जेहॉक्स’ या नावाने परिचित. पहिला हंगाम १८९८–९९. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेची राष्ट्रीय विजेतेपदे १९५२, १९८८, २००८ व २०२२ मध्ये. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) हा या संघाचा पहिला प्रशिक्षक. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असणारा या संघाचा प्रशिक्षकही तोच एकटा (५५ विजय, ६० पराभव), ही गंमत जवळजवळ प्रत्येक इतिहासकार नोंदवतो.

नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात १३ नियमांसह हा खेळ सुरू केला. पुढे वैद्यकाची पदवी घेऊन तो १८९८ मध्ये लॉरेन्सला आला, तो प्रार्थनासभांचा संचालक आणि शारीरिक शिक्षणाचा अध्यापक म्हणून. संघ उभारणे हे त्याच्या नेमणुकीचे मुख्य प्रयोजन नव्हते. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वायएमसीए संघाकडून विद्यापीठाचा संघ ५–१६ असा हरला. त्या काळी विद्यापीठांचे संघ थोडे होते, त्यामुळे प्रतिस्पर्धी म्हणून वायएमसीएचेच संघ पुष्कळदा समोर येत. ‘प्रशिक्षक’ हे पद तेव्हा आजच्या अर्थाने स्थिरावलेले नव्हते; नेस्मिथ काही सामन्यांत पंचाचेही काम करी. वरील आकडेवारीवरून त्याच्या कौशल्याचे माप काढणे त्यामुळे फारसे सयुक्तिक नाही.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘जेहॉक’ हा ब्लू जे आणि स्पॅरो हॉक या दोन पक्ष्यांच्या नावांतून बनलेला काल्पनिक पक्षी, असे विद्यापीठात सांगितले जाते. पॅट डेव्हलिन नावाच्या आयरिश माणसाने लुटीचा माल घेऊन परतताना आपल्या देशातील एका शिकारी पक्ष्याशी स्वतःची तुलना केली, अशी दुसरी कथा आहे. ‘जेहॉकर’ हा शब्द मात्र १८५० च्या दशकात, कॅन्सस गुलामगिरीचे की मुक्त राज्य व्हावे या रक्तरंजित झगड्यात, प्रथम लुटारू टोळ्यांना उद्देशून रूढ झालेला दिसतो. तो त्याआधीही पश्चिमेकडे ऐकू येत असावा, असे एक मत आहे. १८६१ मध्ये चार्ल्स जेनिसनच्या घोडदळ पलटणीने तो अभिमानाने धारण केला आणि यादवी युद्धानंतर तो राज्यातील रहिवाशांना सरसकट लागू झाला. शब्द आधी आणि पक्षी नंतर, हा क्रमच अधिक संभाव्य वाटतो. कारण पक्ष्याचे बूट घातलेले व्यंगचित्र हेन्री मॅलॉय या विद्यार्थ्याने काढले ते १९१२ मध्ये. ‘रॉक चॉक’ या सुप्रसिद्ध घोषणेचे मूळ रसायनशास्त्राचा प्राध्यापक ई. एच. एस. बेली याने १८८६ मध्ये रचलेल्या आरोळीत आहे. आरंभी तिच्यात ‘राह राह’ होते. चुनखडीच्या एका प्रकाराचे ‘चॉक रॉक’ हे नाव उलटे करून पुढे त्याची जागा भरली गेली. म्हणजे घोषणा बास्केटबॉलहून जुनी आहे.

संघाला आजचे रूप दिले ते फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन (१८८५–१९७४) याने. बेसबॉलचा पंच असताना त्याचा आवाज धुक्यातल्या भोंग्यासारखा वाटे, यावरून हे टोपणनाव पडले. तो नेस्मिथच्या हाताखाली खेळला. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे नेस्मिथने त्याला बजावल्याची आख्यायिका आहे. ॲलनने १९०७ ते १९०९ आणि पुन्हा १९१९ ते १९५६ अशी प्रशिक्षकाची धुरा वाहिली व कॅन्सससाठी ५९० विजय मिळवले. मधल्या दशकात डब्ल्यू. ओ. हॅमिल्टन प्रशिक्षक होता. १९२७ मध्ये नियम समितीने ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे) एकाच टप्प्यापुरते मर्यादित करण्याचा घाट घातला, तेव्हा ॲलनने प्रशिक्षकांना एकत्र करून त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापली आणि तो बेत मागे घेतला गेला. ड्रिबल नेस्मिथच्या मूळ नियमांत नव्हते. हातात चेंडू घेऊन धावण्यास मनाई असल्याने खेळाडूंनी काढलेली ती पळवाट होती. तिचे रक्षण जनकाच्याच शिष्याने करावे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश व्हावा म्हणूनही ॲलनने बराच खटाटोप केला.

राष्ट्रीय विजेतेपदांची संख्या चार की सहा, याविषयी एकवाक्यता नाही. एनसीएएची स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या हंगामांचे विजेते लॉस एंजेलिसच्या हेल्म्स प्रतिष्ठानने पुष्कळ नंतर, १९४० व १९५० च्या दशकांत, मागे वळून ठरवले आणि त्यांत १९२२ व १९२३ ही वर्षे कॅन्ससला दिली. विद्यापीठ ही दोन्ही मिरवते. मात्र १९२२ मध्ये विभागीय साखळीत कॅन्सस आणि मिसुरी बरोबरीत होते, आणि अलीकडच्या एका फेरमोजणीत त्या वर्षी मिसुरीला, तर पुढल्या वर्षी लष्करी अकादमीच्या संघाला पसंती मिळाली. मैदानावर न खेळलेली विजेतेपदे वेगळ्या रकान्यात ठेवणे हेच बरे.

१९५२ मध्ये सिॲटल येथे सेंट जॉन्सवर ८०–६३ असा विजय मिळाला. त्यात क्लाइड लव्हलेटचे ३३ गुण होते. त्याच वर्षीच्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या अमेरिकी संघात कॅन्ससचे सात खेळाडू होते. पुढे नॉर्थ कॅरोलायनाचा विख्यात प्रशिक्षक झालेला डीन स्मिथ या १९५२ च्या विद्यापीठ संघात राखीव खेळाडू होता. केंटकी विद्यापीठाचा प्रशिक्षक ॲडॉल्फ रपही याआधी ॲलनच्याच तालमीत तयार झाला होता.

वर्णभेदाचा इतिहास याच संघाशी जोडलेला आहे. नेस्मिथचा विद्यार्थी जॉन मॅक्लेंडन याने १९३६ मध्ये येथून पदवी घेतली. कृष्णवर्णीय असल्याने त्याला संघात खेळता आले नाही, पुढे तो नामवंत प्रशिक्षक ठरला. लाव्हॅनेस स्क्वायर्स हा संघातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५० च्या दशकारंभी आला. त्याच्यानंतर आलेल्या विल्ट चेंबरलेन या कृष्णवर्णीय खेळाडूने ३ डिसेंबर १९५६ रोजी नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या पदार्पणात ५२ गुण व ३१ रिबाउंड (फसलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) घेतले. सत्तरी गाठल्याने ॲलनला मात्र त्याआधीच निवृत्त व्हावे लागले होते. १९५७ चा अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायनाने तीन वेळा जादा वेळ खेळून ५४–५३ असा जिंकला.

ॲलन फील्डहाउस हे क्रीडागृह १ मार्च १९५५ रोजी, ॲलन पदावर असतानाच, त्याच्या नावाने सुरू झाले. आसनक्षमता १५,००० हून अधिक. खेळाच्या फरशीला नेस्मिथचे नाव. कोरियन युद्धामुळे पोलादाचा तुटवडा असल्याने आराखड्यात शस्त्रागाराची सोय दाखवून पोलाद मिळवले गेले, असे सांगतात.

डिक हार्प व टेड ओवेन्स यांच्या कारकिर्दींनंतर, लॅरी ब्राउनच्या मार्गदर्शनाखाली १९८८ मध्ये ११ पराभव पत्करूनही संघ अजिंक्य ठरला. ओक्लाहोमाविरुद्धच्या अंतिम सामन्यात (८३–७९) डॅनी मॅनिंगने ३१ गुण केले. लगेच नियमभंगाबद्दल कारवाई होऊन १९८९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत संघाला प्रवेश नाकारला गेला. रॉय विल्यम्सने (१९८८–२००३) ४१८ सामने जिंकले, पण विजेतेपद नाही. २००३ पासून बिल सेल्फ. २००८ मध्ये मारिओ चाल्मर्सने अवघी २.१ सेकंद उरली असताना तीन गुणांची फेक साधून मेम्फिसविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत नेला आणि तो संघाने जिंकला. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध मध्यंतराला २५–४० असा मागे पडूनही संघ ७२–६९ ने जिंकला. २००५ ते २०१८ या सलग चौदा हंगामांत संघ विभागीय साखळीचा विजेता वा संयुक्त विजेता होता. मात्र २०१७–१८ मधील पंधरा विजय आणि त्या वर्षीची राष्ट्रीय उपांत्य फेरी २०२३ च्या निवाड्याने रद्द ठरली, त्यामुळे एकूण विजयांचे जुने कोष्टक आता जसेच्या तसे वापरता येत नाही.

नेस्मिथचे मूळ १३ नियम असलेली टंकलिखित पाने २०१० च्या लिलावात विद्यापीठाचा माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ याने सुमारे ४३ लाख डॉलरना घेतली. ती क्रीडागृहाला लागून बांधलेल्या इमारतीत पाहायला मिळतात.